ढाण्या आणि खुराड्याचं दार

एका जंगलात, मुलांनो, फार भयंकर जनावरं राहत होती. पण आपली गोष्ट त्यांची नाही. आपला नायक त्या जंगलात कधी गेलाच नाही. जंगल संपायचं तिथं एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे एक वाडी होती. वाडीच्या टोकाला एक घर होतं, घरामागे परसदार होतं, परसदारी एक बाजलं होतं, आणि त्या बाजल्याखाली आपला नायक बसलेला असे. तेव्हा आपणही जंगलाच्या अलीकडेच बसू. सरका जरा. पाय दुमडा.

नायकाचं नाव ढाण्या. जात कुत्र्याची.

आता तुम्ही विचाराल, ढाण्या तर वाघ असतो, मग कुत्र्याचं नाव ढाण्या कसं? त्याचं असं झालं. घराचे मालक तातोबा. त्यांनी हे पिल्लू ओंजळीतून घरी आणलं, तेव्हा ते झोपेत गुरगुरलं. तातोबांना वाटलं, हा पुढे वाघ निघणार. त्यांनी लगेच नाव ठेवून टाकलं. बारशाला पिल्लाचं मत घ्यायची पद्धत त्या वाडीत नव्हती. घेतलं असतं तर पिल्लानं सांगितलं असतं, की मी गुरगुरलो नाही, मला वाईट स्वप्न पडलं होतं.

ढाण्याला झाडूची भीती वाटे. कुकरच्या शिट्टीची वाटे. दोरीवरच्या धोतराची फार वाटे, कारण वारा सुटला की धोतरात कोणीतरी शिरतं, असं त्याचं ठाम मत होतं. एकदा त्याला स्वतःलाच शिंक आली. ती कोणाची म्हणून तो इतका दचकला, की संध्याकाळपर्यंत बाजल्याखालून बाहेर आला नाही.

पारावर लोक तातोबांना विचारत, "काय तातोबा, वाघ काय म्हणतो?"

तातोबा म्हणत, "यंदा तूर बरी दिसतीया."

घरात तातोबांची बायको हौसाबाई तेवढी ढाण्याची बाजू घेई. ती म्हणे, "अवं, भितंय तर भिऊ द्या. भ्यालेलं जनावर कुणाला चावत न्हाई. आन् माणसं काय भीत न्हाईत व्हय? तुमी पाल बघितल्यावर कुठं जाता?"

तातोबा पुन्हा तुरीकडे वळत.

असे दिवस चालले होते. आणि एका आठवडी बाजाराच्या दिवशी हौसाबाई डोक्यावर डालगं घेऊन घरी आली. डालग्यातून आवाज येत होते. ढाण्या शेपूट हलवत पुढे गेला. बाजारातून आलेल्या डालग्यात बहुधा खाऊ असतो, एवढा अनुभव त्याच्या गाठीला होता.

हौसाबाईनं फडकं काढलं. आतून कोंबड्या निघाल्या.

सगळ्यांत पुढे होती काजळी. अंगानं काळीभोर, मानेनं ताठ, चालीनं सभापती. तिनं परसदाराकडे पाहिलं, शेवग्याकडे पाहिलं, पाण्याच्या थाळीकडे पाहिलं. शेवटी ढाण्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"मी... मी इथला कुत्रा," ढाण्या म्हणाला.

काजळीनं त्याच्या नाकावर टोच मारली. फार जोरात नाही. पीठ मळताना पाणी कमी आहे का जास्त, हे बघायला बोट खुपसतात, तशी. पण ढाण्याला तेवढी पुरली. तो जो निघाला, तो लाकडांच्या ढिगावर चढला, आणि तिथून त्याला उतरता येईना. तातोबांना शिडी लावावी लागली.

शिडीवरून कुत्रा काखोटीला मारून उतरताना तातोबा म्हणाले, "अगं, कोंबड्या राखायला कुत्रा हाय. पर कुत्रा राखायला कोण ठिवायचं?"

दुसऱ्या दिवसापासून नवं राज्य सुरू झालं. ढाण्याच्या थाळीतलं पाणी आधी कोंबड्या पीत. मग त्या थाळीत पाय धूत. मग ढाण्यानं प्यायचं. त्यानं उन्हाळ्यासाठी शेवग्याखाली मोठ्या हौसेनं एक गार खड्डा उकरला होता. त्यात कोंबड्या धुळीची अंघोळ करू लागल्या. त्याचं गोणपाट होतं, त्यावर ठिपकी नावाच्या कोंबडीनं अंडं घातलं, आणि ढाण्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानंच माफी मागितली.

बाजल्याखाली पडून ढाण्या विचार करी, 'माझं काय चुकलं?' काही चुकलेलं सापडत नसे. मग तो आणखीनच घाबरे. आपली चूक आपल्यालाच सापडू नये, म्हणजे ती केवढी मोठी असेल!

पण मुलांनो, सगळ्या कोंबड्या सारख्या नसतात. त्यांत एक होती कवडी. लहानशी, करड्या ठिपक्यांची, सगळ्यांत मागे राहणारी. दाणे टाकले की ती पोचेपर्यंत दाणे संपत. भांडण लागलं की ती पोचेपर्यंत भांडण संपे. एका दुपारी ऊन फार होतं. खड्ड्यात जागा नव्हती. कवडी हिंडत हिंडत बाजल्याखाली आली आणि काही न विचारता ढाण्याच्या पोटाशी बसली.

ढाण्यानं श्वास रोखून धरला. आता टोच बसेल, मग बसेल. टोच बसली नाही. कवडीला झोप लागली.

"अगं," ढाण्या हळूच म्हणाला, "तुला माझी भीती वाटत नाही?"

कवडीनं एक डोळा उघडला. "तुझी कशाची? मला घारीची वाटते."

"मलासुद्धा!" ढाण्या म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की शेपूट जमिनीवर आपटून धूळ उडाली. "आणि धोतराची?"

कवडीनं दोरीकडे पाहिलं. वारा येत होता. "हो की," ती म्हणाली. "त्यात कोणीतरी आहे."

त्या दिवसापासून ढाण्याला मैत्रीण मिळाली. आपण ज्याला भितो त्यालाच दुसरंही कोणी भितं, हे कळण्यासारखं सुख नाही. मोठ्या माणसांनाही ते क्वचितच मिळतं. ती आपापली भीती वेगवेगळ्या खोल्यांत घेऊन बसतात.

आणि एक गंमत पाहा. भित्र्याची नजर चहूकडे असते. शूर माणूस समोर बघून चालतो. भित्रा वर बघतो, खाली बघतो, मागे तर बघतोच बघतो. त्यामुळे घारीची सावली कुंपणापाशी पोचायच्या आधीच ढाण्या बाजल्याखाली गेलेला असे. तो पळाला की कवडी पळे. कवडी पळाली की ठिपकी पळे. आणि शेवटी काजळीही, आपल्याला तिकडे जायचंच होतं असा चेहरा करून, जरा भरभर चाले. घार हात हलवत, म्हणजे पंख हलवत, परत जाई. आजूबाजूच्या घरांतली पिल्लं घारीनं उचलली, पण तातोबांच्या परसदारचं एक पीसही हललं नाही.

याचं श्रेय कोणाला मिळालं म्हणता? काजळीला. "माझी शिस्त आहे," ती म्हणे.

पण बाजल्याखाली कुत्र्याच्या काखेत बसायचं, हे काजळीला लागत होतं. अखेर तिनं शेवग्याखाली सभा बोलावली. तुम्ही म्हणाल, कोंबड्या कसली सभा घेतात? सभा घ्यायला काय लागतं, मुलांनो? एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी माती उकरायची. कोंबड्यांना दोन्ही येतं.

"भगिनींनो," काजळी म्हणाली, "वाडीतल्या इतर कोंबड्या आपल्याला हसतात. म्हणतात, तुमचा राखणदार बाजल्याखाली असतो. आपल्याला रुबाबदार राखणदार नको का?"

"हवा, हवा," ठिपकी म्हणाली.

"ढाण्याला बोलवा."

ढाण्या आला. त्यानं चारही पाय शक्य तितके पोटाखाली घेतले होते.

"आजवर कोणाला चावलात?" काजळीनं विचारलं.

ढाण्यानं आठवून पाहिलं. "एकदा जिभेला."

"कोणाच्या?"

"माझ्याच. भाकरी खाताना."

सभेत खसखस पिकली. कवडी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "जीभ चावली की फार दुखतं."

नेमका त्याच वेळी कुंपणापलीकडून आवाज आला. "क्षमा असावी. सभेत व्यत्यय आणतो आहे."

सगळ्यांनी माना वळवल्या. ओढ्याच्या बाजूला, कुंपणापासून अदबशीर अंतर राखून, एक कोल्हा बसला होता. अंगावरचे केस नीट बसवलेले. पुढचे पाय जुळवलेले. शेपूट घडी घालून बाजूला ठेवावी तशी ठेवलेली.

ढाण्या आधीच बाजल्याखाली पोचला होता. कवडीही निघाली होती, पण ती अर्ध्या वाटेतच होती.

"घाबरू नका," कोल्हा म्हणाला. "मी लांबूनच बोलतो. जवळ यायची माझी पद्धत नाही. मी कोंबड्यांचा अभ्यासक आहे."

"अभ्यासक?" काजळीची मान आणखी ताठ झाली.

"उभं आयुष्य त्यात घालवलं, बाईसाहेब. लोक हत्तींचा अभ्यास करतात, वाघांचा करतात. मोठ्यांच्या मागे सगळेच असतात. कोंबडीकडे कोण बघतो? मी बघतो. डोळ्यांसमोर कोंबडी नाही असा माझा दिवस जात नाही. रात्री स्वप्नातसुद्धा तुम्हीच."

ठिपकीनं डोळे पुसले. आजवर तिच्याविषयी असं कोणी बोललं नव्हतं.

"आणि राखणीचा काही अनुभव?" काजळीनं विचारलं.

"अनेक खुराडी सांभाळली आहेत," कोल्हा नम्रपणे म्हणाला. "एकाही कोंबडीनं माझ्याविरुद्ध शब्द काढल्याचं तुम्ही ऐकलं आहे का?"

कोंबड्यांनी एकमेकींकडे पाहिलं. खरंच, कोणीच ऐकलं नव्हतं.

बाजल्याखाली ढाण्याच्या दातांचे टाळ वाजत होते. त्याला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. बोलायचं म्हणजे बाहेर यायला हवं. बाहेर यायचं म्हणजे कोल्ह्याला दिसायला हवं. शेवटी त्यानं फक्त नाक बाहेर काढलं आणि तेवढ्या नाकानं तो म्हणाला, "काजळीताई, त्याच्या तोंडाला वास येतोय."

"कसला वास?"

"तुमचा. कोंबड्यांचा."

काजळी गहिवरून म्हणाली, "बघा! याला म्हणतात तळमळ. आणि तू आमच्यात इतके दिवस राहतोस, तुझ्या तोंडाला काय येतो? शिळ्या भाकरीचा!"

ठराव झाला. कोल्ह्याची नेमणूक झाली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यानं कामावर रुजू व्हायचं ठरलं. कोल्ह्यानं एकच विनंती केली. "खुराड्याच्या दाराची फळी तेवढी उघडी असू द्या. बंद दारामुळे आपुलकीत अंतर पडतं."

"आणि मी?" ढाण्यानं विचारलं.

"तू मोकळा," काजळी म्हणाली.

तुम्हाला वाटेल, ढाण्याला आनंद झाला असेल. राखण गेली, टोच गेली, पाय धुतलेलं पाणी गेलं. पण तो बाजल्याखाली हनुवटी टेकून पडला, आणि आपण मोकळे आहोत हे त्याला अजिबात सोसेना. कवडी येऊन पोटाशी बसली.

"तू उद्या खुराड्यात जाऊ नकोस," ढाण्या म्हणाला.

"मग कुठे जाऊ? अंधारात मला काही दिसत नाही. सगळ्या जातील तिकडे मी जाणार."

"मी हौसाबाईला सांगू का?"

"कसं सांगणार?"

ते मात्र ढाण्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो हौसाबाईच्या पायांत घोटाळत राहिला. कुंईकुंई केलं. पदर ओढला. तिला खुराड्याकडे न्यायला पाहिलं. हौसाबाई म्हणाली, "भ्यालास व्हय रं माझ्या सोन्या? कुकर न्हाई लावलेला आज." आणि तिनं त्याला भाकरीचा जास्तीचा तुकडा दिला. जो रोज उठून घाबरतो, त्याला खऱ्या भीतीच्या दिवशी भाकरीच मिळते.

त्या संध्याकाळी वाडीत एका घरी हळद होती. तातोबा आणि हौसाबाई तिकडे गेले. जाताना हौसाबाई म्हणाली, "खुराड्याची फळी लावाया येते मी मधीच." पण हळदीच्या घरी गाणी सुरू झाली, हौसाबाईला आग्रह झाला, आणि गाणं म्हणायला उठलेली बाई मध्येच कशी येणार?

सूर्य ओढ्यापलीकडे बुडाला. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. काजळीनं सगळ्यांना एका रांगेत बसवलं. "साहेब येतील तेव्हा कोणी माती उकरायची नाही," तिनं बजावलं.

खुराडं म्हणजे दगडमातीच्या भिंतींचं, वर कौलं घातलेलं, बुटकं घर होतं. त्याला एकच दार, तेही कोंबडीच्या मापाचं. फळी शेजारी पडलेली. दार सताड उघडं.

कुंपणात एक भगदाड होतं. त्यातून आधी नाक आलं, मग मिशा, मग सगळा कोल्हा. आज त्याचे केस नीट बसवलेले नव्हते. कामाच्या दिवशी तो त्यात वेळ घालवत नसे.

ढाण्यानं बाजल्याखालून पाहिलं. घराला कुलूप होतं. लाकडांच्या ढिगाकडे जायचं तर मध्ये कोल्हा. आणि कोल्हा एकेक पाऊल टाकत याच बाजूला येत होता, कारण बाजलं आणि खुराडं शेजारीशेजारी होती. ढाण्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्याला समोर एक काळं, खोल, सुरक्षित भोक दिसलं. तो उठला आणि त्या भोकात घुसला.

आता इथे, मुलांनो, काही लोक सांगतात की ढाण्या कोंबड्यांसाठी धावला. त्यांचं ऐकू नका. मी ढाण्याला चांगला ओळखतो. तो लपायला धावला.

पण दार कोंबडीच्या मापाचं होतं, आणि ढाण्या हौसाबाईच्या भाकऱ्यांवर वाढलेला होता. डोकं गेलं. मान गेली. पुढचे पाय गेले. मग पोट आलं आणि सगळं थांबलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. अर्धा ढाण्या आत आणि अर्धा बाहेर, आणि दार असं बंद झालं की फळी लावूनही कधी झालं नसतं.

आत कल्लोळ उडाला. "मेले!" ठिपकी ओरडली. "साहेबांना बोलवा!" काजळी ओरडली, आणि तिनं ढाण्याच्या नाकावर टोच मारली. मग कानावर. मग बाकीच्यांनीही जागा वाटून घेतल्या.

बाहेर कोल्हा आला. त्यानं दाराकडे पाहिलं. दाराला शेपूट होती. त्यानं शेपूट तोंडात धरली आणि ओढली.

ढाण्या किंचाळला. पुढून चोची आणि मागून दात. असा प्रसंग त्याच्या वाईटातल्या वाईट स्वप्नातही आला नव्हता, आणि वाईट स्वप्नांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कोल्ह्यानं पुन्हा ओढलं. ढाण्या हलला नाही. हलणार कसा? गच्च बसला होता.

मग कोल्ह्यानं शेपूट सोडली आणि गोड आवाजात म्हणाला, "अरे मित्रा, तुझे हाल बघवत नाहीत. माझं तुझ्याशी काय भांडण? मी एक युक्ती सांगतो. श्वास सोड. सगळा सोड. पोट आत गेलं की मी तुला अलगद बाहेर ओढतो. मग तू खुशाल पळ. तुला पळायचंच आहे ना?"

ढाण्याला पळायचंच होतं. जन्मल्यापासून त्याला तेवढंच करायचं होतं. त्यानं श्वास सोडला. खरंच पोट आत गेलं. दगडांची पकड सैल झाली. तो थोडा मागे सरकला. त्याला कळलं, की सुटता येईल.

तेवढ्यात त्याच्या हनुवटीखाली काहीतरी हललं. मऊ आणि ऊबदार.

"ढाण्या, तूच ना रे हा?" कवडी म्हणाली. अंधारात तिला काही दिसत नव्हतं. "बरं झालं आलास. मला फार भीती वाटतेय."

"मलासुद्धा," ढाण्या म्हणाला.

आणि त्यानं श्वास आत घेतला. मावेल तेवढा घेतला. मावत नव्हता तोही घेतला. पोट दगडांना जाऊन भिडलं. मग त्यानं तो श्वास धरून ठेवला, आणि सोडायची वेळ आली की चोरटा सोडून लगेच दुसरा घेतला. डोळे मिटलेले होते. भीती कुठेही गेली नव्हती. भीत भीतच तो फुगत होता.

कोल्ह्याची गोडी संपली. त्यानं शेपटीला कडकडून चावा घेतला. मग मांडीला घेतला. ढाण्या आत कवडीच्या पिसांत तोंड खुपसून रडला, पण बाहेरचा ढाण्या तसाच राहिला.

शेवटी वाटेवरून तातोबांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि कोल्हा कुंपणातून निघून गेला.

तातोबांनी कंदील वर धरला. त्यांना काय दिसलं? खुराड्यात तोंड घातलेला कुत्रा. आत कोंबड्यांचा आक्रोश. दाराशी पिसं.

"हाण तिच्या!" तातोबा ओरडले. "कुंपणच शेत खातंय व्हय? भितोय भितोय म्हणत कोंबड्या खायाला निघालास?" त्यांनी काठी उगारली. "सोडतोच याला जंगलात आज!"

ढाण्याला सगळं ऐकू येत होतं. पण त्याचं तोंड आत होतं आणि काठी बाहेर होती. तो फक्त आणखी फुगला.

"थांबा!" हौसाबाईनं काठी धरली. ती खाली वाकली होती. "ही शेपटी बघा. रगत आलंय. मांडी बघा. हे काय हाय?"

"कोंबड्यांनी चावलं आसंल."

"कोंबड्यांस्नी दात कवापासनं आले हो?"

तातोबांनी कंदील खाली नेला. धुळीत कोल्ह्याची पावलं उमटली होती. येताना मोजूनमापून पडलेली, जाताना लांब लांब.

तातोबा खाली बसले आणि दाराचे दगड एकेक करून काढू लागले. पाल पाहिल्यावर ज्या चेहऱ्यानं ते बाहेर जात, तसाच काहीसा चेहरा झाला होता त्यांचा. दगड निघाले तसा ढाण्या बाहेर आला. आला आणि लगेच बाजल्याखाली गेला. हौसाबाई त्याच्या शेजारी मातीतच बसली आणि तिनं त्याच्या शेपटीला हळद लावली. हळद झोंबते. ढाण्या त्या हळदीलाही भ्याला.

वाडीत बातमी पसरली. पारावर तातोबांनी स्वतःहून विषय काढला. तूर कशी आहे ते कोणी विचारलं तरी ते ढाण्याविषयीच सांगू लागले. सरपंचांनी सत्कार ठेवला. ढोल आला, हार आला, शाल आली. ढोल वाजला, शाल उघडली, आणि सत्कारमूर्ती लाकडांच्या ढिगावर चढली. सरपंचांनी शिडीवरून सत्कार उरकला. "किती हा साधेपणा," असं लोक म्हणाले.

कोंबड्यांचं मत मात्र निराळं होतं. काजळी म्हणाली, "साहेब वेळेवर आले होते. या ठोंब्यानं दार अडवलं. एवढा मोठा माणूस दारातून परत गेला. काय म्हणत असेल?"

काही दिवसांनी एक कावळा खबर घेऊन आला. कोल्हेसाहेब ओढ्यापलीकडच्या वस्तीवर रुजू झाले होते. तिथल्या कोंबड्यांनी त्यांना खुराड्याचं दार उघडं ठेवून मानानं आत घेतलं होतं.

"कसं चाललंय तिकडे?" काजळीनं उत्सुकतेनं विचारलं.

"एकदम शांत," कावळा म्हणाला. "एकही तक्रार नाही. आवाजच नाही म्हणा ना."

काजळीनं ढाण्याकडे पाहिलं आणि उसासा टाकला. "ऐकलंस? एकही तक्रार नाही!"

ढाण्या शेपटी चाटत राहिला. तिला अजून खपली होती.

आता राहिलं खुराडं. दार तर तातोबांनी पाडलं होतं. ते नवं बांधायला घेतलं तेव्हा तातोबांचं मन उपकारानं भरून आलं होतं. ते हौसाबाईला म्हणाले, "आपल्या वाघाला आत-बाहेर जाया तरास नको." आणि त्यांनी दार चांगलं ऐसपैस केलं. इतकं, की ढाण्या त्यातून सहज आत जाई, सहज बाहेर येई, आणि तरी बाजूला एक कोल्हा मावेल एवढी जागा राही. फळी त्या दाराला पुरेना. नवी करायची राहून गेली. एवढा शूर कुत्रा असताना फळी कशाला, असं तातोबा म्हणत.

एके दिवशी तिन्हीसांजेला वारा ओढ्याकडून आला. त्या वाऱ्यावर एक वास होता. कोंबड्यांना तो कळला नाही. त्या आत जाऊन रांगेत बसल्या. कवडी नेहमीसारखी सगळ्यांत शेवटी आली.

ढाण्याला तो वास कळला. घराचं दार उघडं होतं. आत चूल पेटलेली होती, चुलीपुढे हौसाबाई होती. लाकडांचा ढीग मोकळा होता. पळायला चारही दिशा होत्या.

तो उठला. खुराड्याच्या त्या भल्या मोठ्या दारात गेला आणि आडवा पडला. दार भरेना. मग त्यानं पाय ताणले, शेपूट पसरली, आणि पोट फुगवून, थरथरत, कुंपणाकडे बघत राहिला.

तात्पर्य : राखणदार नेमताना त्याची छाती मोजू नये, पोट मोजावं, आणि दार त्याहून दोन बोटं लहान ठेवावं.